मे महिन्यातलं कास

मे महिन्यात कासला आलेला पाहुणा गाडीतून उतरला की हमखास एकच प्रश्न विचारतो : "फुलं कुठायत?" समोर काळपट तांबडा जांभा तापलेला असतो, भेगांतून वाळकं गवत डोकावत असतं आणि वाऱ्यानं धूळ उडत असते. चहाच्या टपरीवरचा माणूस गाळणीतून मान वर न करता सांगतो, "आत्ता कुठली फुलं? भादव्यात या." पाहुणा हिरमुसतो. मोबाइलवर पाहिलेलं गुलाबी-जांभळं पठार खोटं होतं, असं त्याला वाटायला लागतं. ते चित्र खरंच होतं, फक्त सप्टेंबरातलं होतं. त्यानं ठिकाण शोधलं, अंतर शोधलं, हॉटेलही शोधलं. महिना तेवढा शोधायचा राहिला.

साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवरचं आणि साधारण १,२०० मीटर उंचीवरचं हे पठार आपल्या माणसांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यावर, माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाचं पाणी मुरायला जागा नसल्यामुळे खळग्यांत साचतं, आणि त्या चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकावं लागतं. आधी चवर येते, मग गेंदाचे पांढरे ठिपके, मग गुलाबी तेरडा, त्यात सीतेची आसवं आणि पिवळा कवला. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं गेलेल्या दोघांना दोन वेगळी पठारं दिसतात. डबक्यात तरंगणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर सातारा गावच आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ती कीटक खातात. जांभ्यात नत्र नाही, मग ते मिळवायचं कुठून?

पर्यटनाच्या जाहिराती ठिकाणं विकतात. खरं तर या देशात ठिकाण आणि महिना मिळून एक जागा होते. कासमुळे हे आपल्याला फुकटात कळलेलं असतं, तरी घाट उतरून टोलनाका ओलांडला की आपण ते विसरतो.

अडचण सुट्टीची आहे. शाळा आपल्याला दोनच मोठे तुकडे देते, मे महिना आणि दिवाळी. नोकरदाराला त्यात नाताळचा आठवडा जोडता येतो. या तीन खिडक्यांतून सगळा देश बघायचा, तर कुठल्या खिडकीतून काय दिसतं हे आधी नक्की करावं लागतं. सहलीचा आराखडा करताना बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी ठिकाण ठरतं, "एकदा जोग बघायचाय" किंवा "राजस्थान राहिलंय", आणि मग ते ठिकाण जी सुट्टी हाताशी असेल तीत कोंबलं जातं.

जोगचंच घ्या. शरावतीचा हा प्रपात सुमारे २५३ मीटरांचा. ऑगस्टमध्ये समोर उभं राहिलं तर बोलणं ऐकू येत नाही. पण नदी वर लिंगनमक्कीच्या धरणात अडवलेली आहे. मे महिन्यात कड्यावरून दोन-चार ओघळ उतरताना दिसतात, तेही असले तर. मे महिन्यात आपल्या साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या धबधब्याला कोणी जात नाही. मग त्याच मे महिन्यात चारशे किलोमीटर गाडी हाणून दुसऱ्याचा धबधबा कोरडा बघायला का जायचं?

राजस्थान, आग्रा, खजुराहो, हंपी, बदामी ही सगळी दगडाची ठिकाणं आहेत. मे महिन्यात तिथला दगड सकाळी दहाला तापतो आणि रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो. देवळात चपला बाहेर काढायच्या असतात, हे मुलांच्या तळव्यांना पहिल्याच दिवशी समजतं. अगदी जायचंच झालं, तर दार उघडायच्या वेळी आत शिरावं, साडेनऊला बाहेर पडावं आणि संध्याकाळी पाचपर्यंत खोलीतून हलू नये. म्हणजे दिवसाचे पैसे भरून अर्धाच दिवस पदरात पडतो.

मे महिना वाया मात्र जात नाही. ताडोबा किंवा कान्ह्यासारखी जंगलं नेमकी याच दिवसांत बघावीत. उन्हाचा त्रास होतो हे खरं, पण पानगळीमुळे लांबवर दिसतं आणि पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरतं, त्यामुळे जनावर तिथे येतंच. डिसेंबरातली गुलाबी थंडी माणसाला सुखाची, पण तेव्हा वाघाला नाल्यानाल्यात पाणी मिळतं. तो रस्त्यावर कशाला येईल? जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, त्यामुळे आरक्षण जानेवारीतच बघायला लागावं. ताडोबा मंगळवारी बंद असतं. मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी नसते. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभ्याचं क्षेत्र बंद. आपला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प चांदोली आणि कोयना जोडून २०१० साली झाला, पण तिथे वाघ दिसेल या आशेनं जाऊ नये. ते जंगल पाऊलखुणा, गवे आणि शेकरू बघायला जायचं आहे.

मे महिन्याचं दुसरं उत्तर हिमालय, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सातारा-सांगलीकडची माणसं सगळ्यात जास्त तिथे चुकतात.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. महाबळेश्वर १,३७२. म्हणजे जन्मभर सह्याद्री तुडवलेला माणूसही, महाराष्ट्राबाहेर पडला नसेल, तर १,६४६ मीटरच्या वर कधीच उभा राहिलेला नसतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. विमान सकाळी सातला उतरवतं आणि दहा वाजता माणूस "मी रोज अजिंक्यतारा चढतो" म्हणत बाजार फिरायला निघतो. रोज अजिंक्यतारा चढणं पायांना उपयोगी पडतं. उंचीशी त्याचा संबंध नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी जास्त हिंडतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

नियम साधा आहे. लेहला उतरल्यावर दोन रात्री आणि पूर्ण दोन दिवस काहीही बघायचं नाही. जेवायचं, पाणी प्यायचं, खोलीत लोळायचं, फार तर संध्याकाळी शंभर पावलं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही. दिवसा वर जाऊन आलात तरी चालेल, झोपायचं खाली. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं ही पहिली सूचना, तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळ होण्याची वाट न बघता खाली उतरायचं. काही डॉक्टर आधीपासून घ्यायची गोळी देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, म्हणून ती ओळखीच्या दुकानातून परस्पर आणू नये.

रस्त्यानं जाणाऱ्यांनी दिशा नीट निवडावी. श्रीनगर १,५८५, कारगिल २,६७६, लेह ३,५०० : या बाजूनं शरीर पायरीपायरीनं चढतं. मनालीकडून एकाच दिवसात २,०५० वरून सरचूच्या ४,२९० मीटरवर मुक्कामाला नेणारे आराखडे आजही विकले जातात. त्या तंबूंत रात्रभर कोणी झोपत नाही. मनालीहूनच जायचं असेल, तर पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पाला करावा. २०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून केलाँग आरामात गाठता येतं. रोहतांगवर मात्र वेगळा परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि मंगळवारी तो रस्ता दुरुस्तीसाठी बंद असतो. लेहहून पुढे आधी नुब्रा खोरं करावं. खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे, पण तिथे पंधरा मिनिटांहून जास्त रेंगाळायचं नसतं आणि पलीकडचं दिस्कित लेहपेक्षा खाली आहे. पँगाँगचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर, तो शेवटी ठेवावा.

बारीकसारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. बाहेरून आणलेलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. लेहला पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही आणि डाळ दाताखाली येते. टूरबरोबरच्या आचाऱ्याला त्यावरून बोल लावू नयेत. भडंगाची हवाबंद पाकिटं वर फुग्यासारखी टम्म होतात. घरचं भडंग डब्यातच न्यावं.

आता लडाखला जायचं कधी, याचं उत्तर माण-खटावच्या माणसाला आपोआप सुचायला हवं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि माणच्या दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पूर्वेला नुसता वारा पोचतो. सांगलीत शिराळ्याची भातखाचरं भरलेली असतात, तेव्हा आटपाडी-जतला टँकर फिरत असतात. लडाख म्हणजे हिमालयाचं माण. मोसमी पाऊस पलीकडच्या रांगांवरच संपतो, लेहला वर्षाकाठी शंभर मिलीमीटर पडला तरी पुष्कळ. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बाकीचा देश चिंब असतो, तेव्हा तिकडे रस्ते उघडे आणि आकाश निळं असतं. फसगत वाटेत होते. मनालीकडच्या बाजूला त्याच दिवसांत दरडी कोसळतात, म्हणून पावसाळ्यात विमान किंवा श्रीनगरचा रस्ता बरा, आणि हाताशी दोन दिवस रिकामे ठेवावेत. कोरडा मुलुख झाला तरी आभाळ कधी फाटेल सांगता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली आणि झाडं नसलेल्या त्या डोंगरांनी सगळी माती गावात आणून ओतली.

हे वेळापत्रक एका माणसाला अगदी फिट बसतं, तो म्हणजे तासगाव-पलूसकडचा द्राक्षबागायतदार. त्याची दिवाळी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांत जाते, जानेवारी ते मार्च माल काढण्यात आणि एप्रिल खरड छाटणीत. त्यातल्या त्यात मोकळीक मिळते ती भर पावसाळ्यात. सगळे म्हणतात पावसात कुठं जायचं. त्यानं खुशाल लडाखला जावं.

दिवाळीच्या खिडकीतून सगळ्यात जास्त दिसतं, पण तिला एक आंधळा कोपरा आहे. आपला पाऊस दसऱ्याला संपतो म्हणून आपण धरून चालतो की देशाचाच संपला. तामिळनाडूचा खरा पाऊस तेव्हा सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्यावर ओततात. मदुरै-रामेश्वर-कन्याकुमारी ही आपल्याकडे दिवाळीची हक्काची यात्रा, आणि दर वर्षी छत्र्या न घेता गेलेली मंडळी मीनाक्षीच्या प्राकारात भिजून उभी असतात. तो दौरा जानेवारी-फेब्रुवारीत करावा. ओडिशाच्या किनाऱ्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळाचे महिने. कोणार्क आणि चिल्का डिसेंबरनंतर बघितलं तर थंडीही असते आणि चिल्क्यावर परदेशी पाखरंही आलेली असतात. दिवाळीत राजस्थान, माळवा, हंपी, बदामी, पट्टदकल. उन्हाळ्यात जे दगड भाजत होते ते आता कोवळ्या उन्हात बसायला बोलावतात.

कच्छचं रण दिवाळीत बघायला जाणं म्हणजे जूनमध्ये कासला जाण्यासारखं, थोडक्यात चुकतं. पावसाळ्यात ते रण पाण्याखाली असतं. पाणी आटत जातं, मीठ वर येतं आणि पांढरा थर धरतो. पाऊस लांबलेल्या वर्षी नोव्हेंबरातही पायाखाली राखाडी चिखलच असतो. डिसेंबर-जानेवारी धरावा, जमलं तर पौर्णिमेच्या आगेमागे. पांढऱ्या रणाकाठचं धोरडो भुजपासून ऐंशी किलोमीटर, वाटेत भिरंडियाराला परवाना काढायचा, आणि परतीचा रस्ता रणातूनच धोलावीराकडे घ्यायचा. २०२१ साली जागतिक वारसा ठरलेलं ते हडप्पाकालीन शहर पाण्याची टाकी बघण्यासाठी बघावं. दुष्काळी भागातल्या माणसाला त्या टाक्या मूर्तींपेक्षा जास्त बोलतात.

महिना न सांगणारी सगळ्यात फसवी छायाचित्रं मेघालयातून येतात. डावकीच्या उमंगोट नदीवर काचेच्या पाण्यात अधांतरी तरंगणारी होडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. ते पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं. पावसाळ्यात तीच नदी आपल्या कृष्णेसारखी गढूळ वाहते. उलट सोहराचे, म्हणजे चेरापुंजीचे, धबधबे हिवाळ्यात सुकतात, म्हणजे एकाच सहलीत दोन्ही पूर्ण भरात मिळत नाहीत. त्यातल्या त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर थोडं थोडं दोन्ही. नोंग्रियाटचा दुमजली मुळांचा पूल मात्र कधीही बघावा. रबरवडाची जिवंत मुळं ओढ्यापलीकडे वळवत वळवत पिढ्यांनी केलेला तो पूल आहे. तिथे उतरायला तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत, आणि त्या परत चढाव्या लागतात हे गुडघ्यांना आधी विचारून घ्यावं. खासी डोंगरांत कीटक खाणारी घटपर्णीही आढळते. कारण कासचंच, निकस जमीन.

ईशान्येला घड्याळ फसवतं. देशाची वेळ एक, पण कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत सूर्य जवळजवळ दोन तास मागेपुढे आहे. डिसेंबरात काझीरंग्याला साडेचारला दिवस मावळतो. आपल्या सवयीनं नाश्ता करून दहाला निघालं, तर जेवणानंतर अंधारच. पहाटे पाचला निघावं. काझीरंगा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल उघडं असतं, नंतर ब्रह्मपुत्रा आत येते. अरुणाचल, नागालँड, मिझोरम आणि मणिपूरला आतला परवाना (इनर लाइन परमिट) लागतो. सिक्कीममध्ये नथुला खिंडीसाठी आदल्या दिवशी अर्ज, छायाचित्रं आणि मतदार ओळखपत्र. सोमवार-मंगळवार तो बंद.

बंद वारांचं हे प्रकरण क्षुल्लक वाटतं आणि त्यावरच सहली बुडतात. ताजमहाल शुक्रवारी बंद. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, म्हणजे सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत केला, तर दोन्ही दारं बंद. नाताळात आग्रा-मथुरेला जाणाऱ्यांनी आणखी एक धरावं, धुकं. डिसेंबरच्या अखेरीस ताज सकाळी दहा-अकरापर्यंत दिसतच नाही, समोर उभं राहूनही. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस गाडी न बदलता आग्र्याला नेते, पण धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या कित्येक तास उशिरानं धावतात, त्यामुळे पोचण्याच्या दिवशी तिकीटवालं काहीही ठेवू नये. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. सकाळी आठला. हे न कळलेले आजोबा अजूनही चार महिने आधी खिडकीवर जातात.

सगळंच लांबचं नसतं. सांगलीहून विजापूरचा गोलघुमट एका दिवसात होतो, पण होऊ देऊ नये. कुजबुजीच्या सज्जात दुपारी दोनशे पोरं एकाच वेळी ओरडत असतात. तेव्हा तिथे ऐकण्यासारखं काही उरत नाही. आदल्या रात्री मुक्काम करून दार उघडताच वर चढावं. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललेलं समोरच्या बाजूला, घुमटाच्या पलीकडे, स्पष्ट ऐकू येतं. दहा मिनिटं मिळतात, फार तर पंधरा.

काही गोष्टींना महिनाही पुरत नाही, वर्ष लागतं. आपल्याकडे कारवी सात वर्षांनी फुलते. त्याच कुळातली नीलकुरिंजी मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांनी. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३० ला. २०१८ मध्ये लोकांनी हॉटेलं आधीपासून धरून ठेवली होती आणि ऐन ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. रस्ते तुटले, डोंगर निळे होऊन गेले, बघायला फार थोडे पोचले. २०३० च्या यादीत नाव घालायचं असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा आणि परतीचं तिकीट बदलता येईल असं काढावं. तिथलं एरविकुलम उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं, नीलगिरी ताहर या रानशेळीच्या विणीसाठी. कुरिंजीच्या मोसमाला त्याचा अडसर नाही.

आणि कोणी केरळातून, मेघालयातून आपल्याकडे येतो म्हणाला, तर त्याला कासचं एवढंच कळवावं : सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा, मंगळवार किंवा बुधवार. रोजच्या पाहुण्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून प्रवेशाचं आरक्षण आधी ऑनलाइन. शनिवार-रविवार साताऱ्यातूनच गाड्यांची रांग लागते, त्या दिवशी नको. सकाळी सातला येऊ नये, तेव्हा धुक्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत. नऊनंतर ऊन पडायला लागतं. रेनकोट हवा, छत्री नको, वारा ती उलटी करतो. जळवा नसतात. बूट मात्र पकड असलेले, कारण ओला जांभा शेवाळतो. आणि पायवाट सोडून आत पाऊल टाकायचं नाही. बोटभर मातीत वर्षाचं बी असतं, ते टाचेखाली गेलं की पुढच्या सप्टेंबरात त्या जागी काळा डाग दिसतो.